सहीशिवायची सेवा : पर्वतीच्या पायथ्याच्या एका अभ्यासिकेचा हिशेब

पर्वतीच्या पायथ्याशी वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका चालवणारी एक संस्था. सोसायटी म्हणून १८६० च्या कायद्याखाली आणि सार्वजनिक न्यास म्हणून महाराष्ट्राच्या १९५० च्या कायद्याखाली, अशी दुहेरी नोंदणी. मुलं ११०, दरमहा शुल्क २०० रुपये, बाकी सगळं देणग्यांवर. बँकेतून निवृत्त झालेले ७१ वर्षांचे खजिनदार हिशेब वहीत लिहीत. जानेवारी २०२४ मध्ये एक सीए मदतीला आल्या. वय २९, परीक्षा पास होऊन चार वर्षं झालेली, खराडीतल्या एका परदेशी कंपनीच्या वित्त केंद्रात नोकरी. संस्थेत सगळे त्यांना ताई म्हणतात आणि खजिनदारांना काका, म्हणून इथेही तीच नावं ठेवली आहेत.

प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा लहान संस्थांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणल्या आहेत आणि रकमा उदाहरणादाखल घेतल्या आहेत. नियम आणि मुदती मात्र २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्याने त्यापुढच्या वर्षांसाठी कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक नव्याने पाहून घ्यावेत.

पहिली मागणी सहीची

पहिल्याच बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुम्ही स्वतः सीए आहात. मग ऑडिटवर तुमचीच सही घेऊ. दरवर्षीचे पंधरा हजार वाचतील."

संस्थेत जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सीएला हे वाक्य ऐकावं लागतं. अध्यक्षांचा हेतू चांगलाच असतो. पण इथे नाही म्हणणं ही सेवेची पहिली पायरी आहे, आणि कारणं दोन आहेत. ताई पूर्णवेळ नोकरीत आहेत, त्यांच्याकडे व्यवसाय प्रमाणपत्र म्हणजे सीओपी नाही. सीओपी नसेल तर यूडीआयएन, म्हणजे कागदाचा ओळख क्रमांक, काढता येत नाही, आणि १ जुलै २०१९ पासून प्रत्येक ऑडिट अहवालावर हा १८ अक्षर-अंकी क्रमांक लागतो, मग काम फुकट केलेलं असो की फी घेऊन. दुसरं कारण सीओपी असलेल्यांनाही लागू पडतं. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३३ नुसार लेखापरीक्षकाचा त्या न्यासाशी कुठलाही हितसंबंध किंवा संबंध असता कामा नये. ज्यांनी किर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही लिहिली, त्यातून खात्यांनुसार खतावणी घातली, बँक जुळवली, त्यांनीच ती बरोबर असल्याचा दाखला द्यायचा, याला तपासणी म्हणता येत नाही.

म्हणून ऑडिट आधीच्याच बाहेरच्या सीएंकडे राहिलं, पूर्ण फी देऊन. ही फी वाचवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. देणगीदाराचा विश्वास टिकतो तो तिऱ्हाइताच्या सहीवर. फुकट ऑडिट करणाऱ्याकडे कागद उशिरा गेले तरी तो बिचारा बोलत नाही, आणि नेमकं तिथेच सगळं बिघडतं.

ताईंनी मग एक पानाचं कामाचं पत्र लिहिलं आणि कार्यकारिणीने ते ठरावाने इतिवृत्तात घेतलं. पत्रात लिहिलं होतं : हिशेबाची पद्धत बसवून देणं, दरमहा बँक जुळवणी तपासणं, मुदतींची आठवण ठेवणं, लेखनिकाला शिकवणं. पैसे हाताळणं नाही, चेकवर सही नाही, विश्वस्तपद नाही, ऑडिट नाही. वेळ महिन्याला आठ तास, दुसरा आणि चौथा शनिवार, प्रत्येकी चार तास. मुदत ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत.

शेवटची तारीख ऐकून काका जरा नाराज झाले होते. पण तारीख नसलेली सेवा संपते ती भांडणाने किंवा फोन न उचलण्याने. शनिवारही विचार करून निवडले होते. कंपनीच्या वित्त केंद्रात महिन्याचे पहिले चार-पाच कामाचे दिवस मागच्या महिन्याची हिशेबाची पुस्तकं बंद करण्यात जातात, त्या आठवड्यात कोणाला शब्द देऊ नये. नोकरीतल्यांनी आणखी एक करावं : नेमणूकपत्रातलं बाहेरच्या कामाचं कलम वाचून मनुष्यबळ विभागाला लेखी कळवावं. काम मानधनाशिवाय असलं तरीही.

कपाटात काय निघालं

पहिल्या दोन शनिवारी ताईंनी संगणक उघडलाच नाही. फक्त कागद लावले.

तीन पावतीपुस्तकं एकाच वेळी फिरत होती. एक कार्यालयात, एक अध्यक्षांकडे, एक गणपतीच्या दिवसांत कार्यकर्त्यांनी नेलेलं, ते परत आलंच नव्हतं. हिशेबातला सर्वांत मोठा धोका हाच असतो. चुकीची नोंद पुढे सापडते, न आलेली पावती सापडत नाही. पुस्तक शोधून आणलं, शिल्लक कोऱ्या पावत्या मोजल्या, रद्द झालेल्यांवर आडवी रेघ मारून त्या पुस्तकातच ठेवल्या. त्यानंतर पावतीपुस्तकांची नोंदवही केली : पुस्तक क्रमांक, पावती क्रमांक कुठून कुठपर्यंत, कोणाला दिलं, कधी परत आलं, सही. एका वेळी एकाच व्यक्तीकडे एकच पुस्तक, आणि जुनं जमा केल्याशिवाय नवं नाही.

अभ्यासिकेच्या दारावरच्या फलकावर क्यूआर कोड होता, तो काकांच्या स्वतःच्या खात्याचा. वर्षभरात त्यावर ६१ वेळा मिळून ४३,५०० रुपये आले आणि काकांनी पै न पै संस्थेच्या खात्यात भरली. कोणाच्या मनात शंका नव्हती. पण उद्या काका आजारी पडले, तर घरच्यांना त्या खात्यातला कोणता पैसा कोणाचा, हे कसं कळणार? प्रामाणिक माणसावर बालंट येऊ नये म्हणूनच पद्धत लागते, हे ताईंनी त्यांना पटवलं. बँकेतून संस्थेच्या नावाचा क्यूआर आणला, जुना फलक त्याच दिवशी उतरवला. नव्या फलकाखाली नाव, पत्ता आणि पॅन कोणत्या नंबरवर कळवायचा, ते लिहिलं. नाव-पत्ता नसलेली देणगी कायद्याच्या नजरेत निनावी ठरते. अशा देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यांतल्या मोठ्या रकमेच्या पुढे गेल्या, तर वरच्या भागावर ३० टक्के कर लागतो. ही संस्था त्या मर्यादेच्या आत होती, पण नोंद तरी हवीच.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर होती. १९ लाखांच्या ठेवींपैकी ४ लाख एका पतसंस्थेत, कारण व्याज अर्धा-पाऊण टक्का जास्त. आयकर कायद्याचं कलम ११(५) ठेवीसाठी शेड्युल्ड बँक किंवा बँकिंग करणारी सहकारी संस्था मान्य करतं. सहकारी बँक त्यात बसते, पतसंस्था बसत नाही, कारण ती बँक नाही. न्यास कायद्याच्या कलम ३५ चेही गुंतवणुकीवर स्वतंत्र निर्बंध आहेत. पाऊण टक्क्याप्रमाणे वर्षाला ३,००० रुपये जास्त मिळत होते आणि त्यासाठी करमाफी पणाला लागली होती. ठेव मुदतीआधी मोडून रक्कम बँकेत आणली. पुण्यात सोसायटी, मंडळ, देवस्थान सगळ्यांनाच ओळखीची पतसंस्था जवळची वाटते. नव्या स्वयंसेवकाने ठेवपावत्या पहिल्याच दिवशी मागवाव्यात, त्या यासाठी.

४६,२५० रुपयांचा फरक

डिसेंबरअखेर रोजकीर्दीत बँक शिल्लक ३,१२,४८० आणि पासबुकात ३,५८,७३०. वर्षानुवर्षं हा फरक 'बँकेचा काहीतरी' म्हणून पुढे ओढला जात होता.

जुळवणीची रीत साधी आहे. पासबुकातली प्रत्येक ओळ आणि किर्दीतली प्रत्येक ओळ पेन्सिलीने टिक करायची. दोन्हीकडे उरलेल्या ओळी वेगळ्या कागदावर. इथे असं निघालं : दिलेले पण न वटलेले चेक २८,०००. थेट खात्यात आलेलं आणि किर्दीत न घेतलेलं व्याज ६,७५० व एका देणगीदाराची एनईएफटी १२,०००. बँकेने कापलेले आणि न लिहिलेले ५००. म्हणजे २८,००० अधिक १८,७५० वजा ५००, बरोबर ४६,२५०.

२८,००० मध्ये ९,००० चा एक चेक ऑगस्टमधला होता. बारावीतल्या एका मुलीच्या कॉलेज फीसाठी काढलेला. चेकची मुदत तीन महिने, ती नोव्हेंबरातच संपली होती. चौकशी केल्यावर कळलं की चेक कार्यालयाच्या ड्रॉवरमध्येच राहिला होता आणि मुलीच्या वडिलांनी उसने पैसे काढून फी भरली होती. संस्थेच्या पुस्तकात मात्र 'शिष्यवृत्ती दिली' अशी नोंद. नवा चेक त्याच आठवड्यात दिला. हिशेब हे रुक्ष काम आहे असं वाटणाऱ्या प्रत्येक तरुण लेखापालाने हा चेक आठवावा. जुळवणी सप्टेंबरात झाली असती, तर तो दुसऱ्या महिन्यातच सापडला असता.

टॅलीत खाती कशी उघडली

ताईंकडून चूक झाली ती इथे. नोकरीतल्या सवयीने त्यांनी टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत ९४ खाती उघडली. लेखनिक गोंधळला, चहा 'किरकोळ'मध्ये की 'बैठक खर्चा'त, यावर अर्धा तास जायचा. महिन्याभरात ती ३८ वर आणली.

मुख्य मुद्दा असा की टॅलीचे तयार गट व्यापाऱ्यासाठी आहेत. न्यासाचा ताळेबंद न्यास कायद्याखालच्या नियमांतल्या अनुसूची आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊमध्ये द्यावं लागतं. तिथले गट वेगळे : मालमत्तेवरचा खर्च, आस्थापना खर्च, कायदेविषयक खर्च, ऑडिट फी, घसारा, आणि शेवटी न्यासाच्या उद्देशांवरचा खर्च, तोही धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय असा विभागून. एप्रिलपासूनच खाती या गटांखाली उघडली तर सप्टेंबरात पत्रक आपोआप निघतं. नाहीतर ऑडिटच्या वेळी सगळे खर्च पुन्हा वाटत बसावं लागतं, आणि अभ्यासिका पाहणाऱ्या शिक्षिकेचा पगार 'आस्थापना' की 'शैक्षणिक उद्देश' हा प्रश्न दरवर्षी वेगळा सुटतो.

देणगीदारांची यादी, मे महिना

८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता, असलेल्या संस्थेला वर्षभराच्या देणग्यांचं विवरण फॉर्म १०बीडीमध्ये ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि पोर्टलवरून निघणारं १०बीई प्रमाणपत्र त्याच तारखेपर्यंत देणगीदाराला द्यावं लागतं. हे प्रमाणपत्र नसेल तर देणगीदाराची वजावट अडकते. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क, शिवाय १०,००० ते १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

पावत्या २१२ होत्या, त्यांतल्या ४१ वर पॅन नव्हता. फेब्रुवारीपासून दर शनिवारी दहा-दहा फोन केले, म्हणून काम जमलं. मेमध्ये लोक गावाला गेलेले असतात. पॅन नसेल तर आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा रेशनकार्ड क्रमांक चालतो. वस्तीतल्याच लोकांनी दिलेल्या लहान देणग्यांना याचा उपयोग झाला. जे काहीच द्यायला तयार नव्हते, त्यांच्यासाठी पुढच्या वर्षापासून साधी पावती ठेवली, ८०जीचा शिक्का नसलेली. तसाच नियम २,००० च्या वरच्या रोख देणगीसाठी : पैसे घ्या, पावती द्या, पण त्यावर ८०जीची वजावट मिळत नाही हे तोंडावर सांगा. बऱ्याच जणांनी ते ऐकून चेक दिला.

याच काळात अध्यक्षांच्या पुतण्याने अमेरिकेतून २५,००० पाठवायची तयारी दाखवली. ताईंनी एकच प्रश्न विचारला, "पासपोर्ट कुठला?" भारतीय पासपोर्टवरचा अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ते परदेशी योगदान नव्हे. पुतण्याने मात्र अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं. मग नातं कितीही जवळचं असो, तो परदेशी स्रोत; एफसीआरए म्हणजे परदेशी योगदानाच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ते पैसे खात्यात येऊच द्यायचे नाहीत. त्याने ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असल्याचं सांगितलं, त्यानेही फरक पडत नाही. शेवटी कोथरूडमध्ये राहणाऱ्या त्याच्या आईने आपल्या निवृत्तिवेतनातून स्वतःच्या नावाने ५,००० दिले. पुतण्याचे पैसे आईच्या खात्यातून फिरवून घ्यायचा विचार कोणीतरी बोलून दाखवला होता, तो ताईंनी तिथेच थांबवला.

८५ टक्क्यांचं गणित

करमाफी टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च व्हावे लागतात. वर्षाचं उत्पन्न : देणग्या ८,०१,०००, शुल्क २,६४,०००, व्याज १,३५,०००, एकूण १२,००,०००. कायम निधीच्या, म्हणजे मूळ रक्कम जपून ठेवण्यासाठी दिलेल्या आणि या उत्पन्नात न धरायच्या, देणग्या १,५०,००० होत्या. त्यांतली ५०,००० ची एक देणगी 'कायम निधीसाठी' अशा लेखी सूचनेशिवाय आलेली, म्हणून ती वरच्या देणग्यांतच धरावी लागली. मागाहून पत्र लिहून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा.

१२ लाखांचे ८५ टक्के १०,२०,०००. खर्च ९,४८,०००, पण जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून १८,००० ची पुस्तकं एकाच दिवशी रोखीने आणली होती. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेली रक्कम खर्च म्हणून धरली जात नाही. उरले ९,३०,०००, म्हणजे ९०,००० कमी.

हा अंदाज फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारीच काढला होता. काहींना मार्चमध्ये घाईने खरेदी उरकायची होती. ते न करता फॉर्म १० ने रक्कम पुढच्या पाच वर्षांत वापरण्यासाठी राखली. त्याला कार्यकारिणीचा ठराव लागतो आणि हेतू नेमका लिहावा लागतो. 'संस्थेच्या उद्दिष्टांसाठी' असं मोघम लिहिलेलं वादात सापडतं. इथे लिहिलं : अभ्यासिकेसाठी टेबलं, खुर्च्या आणि दोन संगणक. मुदत विवरणपत्राच्या तारखेआधी दोन महिने, म्हणजे ३१ ऑगस्ट. पुढे ऑडिट ३० सप्टेंबरपर्यंत. परदेशी योगदान नाही आणि उत्पन्न ५ कोटींच्या आत, म्हणून ऑडिट अहवाल फॉर्म १०बीबीमध्ये. नाहीतर १०बी लागला असता. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरचा ऑडिट अहवालही त्याच सहा महिन्यांत. शेवटी आयटीआर-७ हे आयकर विवरणपत्र. त्या वर्षी सरकारने ऑडिट आणि विवरणपत्र या दोन्हींच्या तारखा वाढवल्या होत्या, पण वाढीवर भिस्त ठेवून कामाची आखणी करू नये.

ताईंच्या नोकरीला याचं काय

पुण्यात खराडी, हिंजवडीच्या वित्त केंद्रांत हजारो लेखापाल चांगल्या पगारावर काम करतात. तिथलं काम तुकड्यांत वाटलेलं असतं. एकाकडे फक्त स्थिर मालमत्ता, दुसऱ्याकडे फक्त समूहातल्या कंपन्यांची आपसातली देणी. चार वर्षं झाली तरी पहिल्या व्हाउचरपासून सही झालेल्या ताळेबंदापर्यंतचा सगळा रस्ता एकट्याने चाललेला माणूस विरळा. १२ लाखांच्या संस्थेत तो रस्ता एका वर्षात चालून होतो. ताईंना कंपनीत नियंत्रणांच्या तपासणीचं काम मिळालं, तेव्हा पावतीपुस्तकाची नोंदवही आणि क्यूआरचा फलक हेच त्यांच्याकडचं खरं शिक्षण होतं. कोण पैसे घेतो, कोण लिहितो, कोण तपासतो, हे तीन वेगळे हात असावेत, ही गोष्ट तक्त्यावरून शिकणं वेगळं आणि काकांना न दुखावता घडवून आणणं वेगळं.

अर्जात हे लिहायचं असेल तर 'समाजसेवेची आवड' असं लिहू नये. किती पावत्या, किती फरक जुळवला, कोणत्या मुदती पाळल्या, ते लिहावं. आणि एक मर्यादा : ताईंच्या कंपनीच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी संस्थेने अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा ताईंनी आपला संबंध कंपनीला लेखी कळवला आणि त्या निर्णयापासून दूर राहिल्या. त्यासाठी लागणारा सीएसआर-१ फॉर्मही बाहेरच्या, व्यवसाय करणाऱ्या सीएंनीच प्रमाणित केला.

आर्टिकलशिप, म्हणजे सीएंच्या हाताखालची उमेदवारी, करणाऱ्या मुलांनी मात्र वर्षभराची जबाबदारी घेऊ नये. आता मुदत दोनच वर्षांची आहे, परीक्षेचा ताण वेगळा. आपल्या प्रिन्सिपल सीएंची परवानगी घेऊन मे महिन्यात १०बीडीची यादी लावून देणं, एवढंही पुष्कळ आहे.

हाती देणं

जुलैत तिमाहीचं काम आणि घरचं आजारपण एकत्र आलं, ताईंचे दोन्ही शनिवार चुकले. लेखनिक अडकला, कारण पोर्टलचा ओटीपी ताईंच्या मोबाइलवर जायचा आणि देणगीदारांच्या पॅनची यादी त्यांच्याच लॅपटॉपवर होती. सगळी पद्धत बसवूनही सगळं एका माणसात अडकलेलं. ऑगस्टमध्ये पोर्टलवर संस्थेचा मोबाइल आणि ईमेल नोंदवला, पासवर्ड बंद पाकिटात सचिवांकडे ठेवले, यादी संस्थेच्या संगणकावर हलवून लॅपटॉपवरून पुसली. हिशेबाची पुस्तकं आणि देणगीदारांची नोंद दहा वर्षं जपावी लागते, तेव्हा ती स्वयंसेवकाच्या घरी असूच नये.

लेखनिक म्हणजे याच अभ्यासिकेत शिकलेला, बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा, महिना ५,००० मानधनावर. त्याच्यासाठी ताईंनी सहा पानी मराठी टिपण केलं : रोज काय, शनिवारी काय, महिनाअखेरीला काय, आणि कोणत्या तारखेला कोणाला फोन करायचा. ऑक्टोबरची बँक जुळवणी त्याने एकट्याने केली. ताईंनी फक्त पाहिली. न वटलेले दोन चेक निघाले, दोन्ही त्या महिन्यातलेच. त्याने न सांगता दोन्ही घरी फोन करून चेक मिळाल्याची खात्री केली होती.

३१ डिसेंबरला मुदत संपली तेव्हा एक काम उरलं होतं. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एका विश्वस्तांचं नाव धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी तसंच होतं. असा बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. बदल अर्ज आता विलंबमाफीच्या विनंतीसह दाखल झाला आहे, मृत्यूचा दाखला, ठराव आणि सभेच्या सूचनेची प्रत जोडून. सुनावणीच्या तारखांना काका जातात, फाइल लेखनिकाकडे असते.